पाचव्या भागाकारात सापडलेला ६४१

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही मूळ संख्या आहे का?

फ्रान्समधल्या तुलूझचा पिएर द फर्मा पेशाने कायद्याच्या क्षेत्रातला, पण जीव गणितात. १६४०च्या सुमारास त्याने २चे घात घेऊन त्यांत १ मिळवायला सुरुवात केली. घात मात्र दर वेळी दुप्पट: १, २, ४, ८, १६. उत्तरं आली ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ! पुढेही असंच चालणार, असं त्याला मनापासून वाटलं. सिद्धता मात्र हाती लागली नाही. पुढचा घात ३२, आणि त्यातून येते ती आपली दहा अंकी संख्या.

१७२९मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून हा प्रश्न सेंट पीटर्सबर्गमधल्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञापुढे ठेवला. सरळ मार्गाने तपासायचं तर ६५,५३६पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. पण ऑयलरने पुढे सिद्ध केलेल्या नियमानुसार, या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४च्या पटीत १ मिळवूनच येते. मग ओळीने उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच नि:शेष भाग जातो: ६४१ × ६७,००,४१७. फर्माचा अंदाज चुकला, हे ऑयलरने १७३२मध्ये जाहीर केलं.

६४१ने भाग जातो हे मोठा भागाकार न मांडताही दाखवता येतं, आणि ते मला फार आवडतं. कागद-पेन्सिल घ्याच. ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ६४० + १सुद्धा. ६४०चा वर्ग वजा १ म्हणजे ६३९ × ६४१. म्हणून ६४०चा चौथा घात वजा १, यालाही ६४१ने भाग जातो. आता ६४० म्हणजे ५ गुणिले २चा सातवा घात. त्याचा चौथा घात होतो ६२५ गुणिले २चा अठ्ठाविसावा घात. २च्या त्या अठ्ठाविसाव्या घाताची ६४१ पट घ्या आणि तिच्यातून ‘६४०चा चौथा घात वजा १’ वजा करा. ६४१मधून ६२५ गेले, उरले १६. म्हणजे २च्या अठ्ठाविसाव्या घाताची १६ पट, अधिक १. आणि १६ हा २चा चौथा घात, म्हणून हीच २चा बत्तिसावा घात अधिक १, आपली संख्या. ज्या दोन संख्यांची वजाबाकी केली त्या दोन्हींना ६४१ने भाग जातो, तेव्हा वजाबाकीलाही जाणारच.

पहिल्या पाचांनंतर या मालिकेतली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ६४व्या घाताच्या संख्येचे अवयव १८८०मध्ये मिळाले. काही संख्या तर विलक्षणच: २चा १०,४८,५७६वा घात अधिक १ ही मूळ नाही हे नक्की ठाऊक आहे, पण तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही. भागणारी संख्या हाती नसताना ‘हिला भाग जातो’ हे सिद्ध झालंय!