लिङ् पो, आयव्ही
(१९३९– ). हाँगकाँगच्या मँडरिन (प्रमाण चिनी) भाषेतील चित्रपटांतील चिनी अभिनेत्री व गायिका. जन्म ग्वांगडोंग प्रांतातील शांटौ येथे. लहानपणीच तिला विकण्यात आले व ती फूज्यान प्रांतातील श्यामेन शहराच्या एका कुटुंबात वाढली. हाँगकाँगला आल्यावर ‘श्याओजुआन’ या नावाने तिने श्यामेनच्या बोलीतील चित्रपटांत कामे केली. हे चित्रपट हाँगकाँगात बनत, पण त्यांचा प्रेक्षक मुख्यतः तैवान, सिंगापूर व फिलिपीन्समधला होता. ते मागे पडल्यावर ती शॉ ब्रदर्स या हाँगकाँगमधील मोठ्या चित्रपटसंस्थेच्या स्टुडिओत पार्श्वगायनाकडे वळली.

त्या काळी हाँगकाँगात ह्वांगमेई ऑपेरापटांची लाट होती. ह्वांगमेई हे मूळचे हूबेई-आन्हुई भागातले लोकनाट्य. त्याच्या चाली सोप्या, कानात बसणाऱ्या. त्या मँडरिन संवादांत बसवून लोककथांचे रंगीत चित्रपट काढले जात. ‘ड्रीम ऑफ द रेड चेंबर’ या अभिजात चिनी कादंबरीवरील १९६२च्या चित्रपटात नायक बाओयूचे गाणे लिङ् पोच्या गळ्यातले, पडद्यावर मात्र दुसरीच अभिनेत्री. तो आवाज दिग्दर्शक ली हानश्यांग यांनी ऐकला आणि १९६३च्या ‘लव्ह इटर्न’मध्ये लियांग शानबोची भूमिका या जवळपास अनोळखी नटीला दिली.

भूमिका मोठी गमतीची. शिकण्यासाठी पुरुषवेष घेतलेल्या झू यिंगताईवर जीव जडतो तो शानबोचा, आणि शानबो साकारणारीही बाईच! यिंगताई झालेल्या ल दी यांची गाणी त्सिन् तिंग यांनी म्हटली; लिङ् पो स्वतःच गायली. पूर्वी पडद्याआड राहिलेल्या आवाजाला आता चेहरा मिळाला. तैवानात प्रेक्षक वेडावले. लोक तोच चित्रपट पुन्हापुन्हा पाहत, आणि ती तैपेईला गेली तेव्हा स्वागताला रस्ते भरून गेले. हाँगकाँगच्या वृत्तपत्रांनी तैपेईला ‘वेड्यांचे शहर’ म्हटले. तैवानच्या गोल्डन हॉर्स या चित्रपट-पुरस्काराच्या परीक्षकांपुढे मात्र पेच पडला: हिला नट मानायचे की नटी? शेवटी खास पुरस्कार देऊन त्यांनी सुटका करून घेतली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ल दी ठरल्या.

‘लेडी जनरल ह्वा मुलान’मध्ये (१९६४) ती बापाऐवजी पुरुषवेषात रणावर जाणारी मुलगी झाली. त्यासाठी आशियाई चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यातील सहनायक जिन हान यांच्याशी १९६६मध्ये तिचा विवाह झाला. ऑपेरापटांचा भर ओसरल्यावर ती तलवारबाजीच्या चित्रपटांत दिसू लागली. ‘द फोर्टीन अ‍ॅमेझॉन्स’मधली (१९७२) तिची मू ग्वेयिंग ही चिनी आख्यायिकेतील वीरांगना आजही आठवली जाते. पुढे ती कॅनडात स्थायिक झाली, तरी शानबोची गाणी मंचावर गात राहिली.