लाखाला किती? व्हिडिओच्या कमाईच्या अंदाजामागचा इतिहास

सोलापुरात कुणाचं यूट्यूब चॅनेल असल्याचं कळलं की पहिला प्रश्न व्ह्यूजचा असतो आणि दुसरा पैशाचा: लाखाला किती मिळतात? शेंगाचटणी कुटून दाखवणारी गृहिणी असो, सांगोल्याच्या डाळिंबबागेतून फवारणी समजावणारा शेतकरी असो की अक्कलकोट-पंढरपूरच्या वाटेवरचे व्हिडिओ टाकणारा कॉलेजचा मुलगा, विचारणाऱ्याच्या डोक्यात एक दर आधीच पक्का असतो. कुणी लाखाला पाच हजार धरतं, कुणी दहा, कुणी त्याहून पुढे जातं. या दराच्या भरवशावर कॅमेऱ्याचे हप्ते सुरू होतात, नोकरी सुटते, सोयरिकीच्या बैठकीत मुलाचं उत्पन्न सांगितलं जातं. हा दर आला कुठून हे नीट पाहायला हवं, कारण व्ह्यूजचा असा ठरलेला भाव यूट्यूबनं आजवर कधीच जाहीर केलेला नाही.

जाहिरातीचा हिशेब हजाराच्या पटीत करायची रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची, छापील मासिकांच्या काळातली. हजार लोकांपर्यंत जाहिरात पोचवायला किती खर्च येतो, तो सीपीएम. आपल्याकडे वर्तमानपत्रं जागा विकायची कॉलम सेंटिमीटरवर, पण त्या भावामागे खपच असायचा. तो खप तपासायला भारतात १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स उभी राहिली. टीव्हीसाठी निवडक घरांत मीटर बसवून प्रेक्षक मोजले जाऊ लागले. ते काम २०१५पासून बार्क ही संस्था करते. दोन्हीकडे विकणारा एक, विकत घेणारा दुसरा आणि मोजणारा तिसरा. ऑनलाइन व्हिडिओत ही रचना मोडली. इथे मोजतो तोच, विकतो तोच आणि वाटणी करतो तोही तोच. लोकांपुढे येतो तो फक्त व्ह्यूजचा आकडा. तो एवढा ठळक आणि एवढा फुकट मिळतो, की सगळं गणित त्याच्यावरूनच मांडायचा मोह होतो.

वेबवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या अमेरिकी संकेतस्थळावर झळकली. तेव्हा जागेचे पैसे एकरकमी ठरवून घेत. पुढे ऑक्टोबर २०००मध्ये गूगलनं अ‍ॅडवर्ड्स ही जाहिराती विकायची सेवा सुरू केली, २००२ला त्यात क्लिकच्या भावाचा लिलाव आला आणि २००३मध्ये अ‍ॅडसेन्समुळे इतरांच्या संकेतस्थळांवरही गूगलच्या जाहिराती दिसू लागल्या. यातला लिलाव हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जाहिरात दिसायच्या आधीच्या क्षणार्धात बोली लागते. बघणारा कोण, कुठे आहे, कोणत्या भाषेत बघतोय, महिना कोणता, यावर ती ठरते. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या आवकेच्या दिवशी ज्यानं लिलाव पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच यार्डात, एकाच सकाळी, किमान आणि कमाल भावात कित्येक पटींचं अंतर असतं. क्विंटल किती आले यावरून शेतकऱ्याची पट्टी किती झाली ते सांगता येत नाही.

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ आला २३ एप्रिल २००५ला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६मध्ये, गूगलनं ही कंपनी १.६५ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. मे २००७मध्ये निवडक निर्मात्यांना जाहिरातीतला वाटा देणारा पार्टनर प्रोग्राम सुरू झाला आणि त्या वर्षअखेरीस अमेरिका-कॅनडातल्या इतरांना अर्ज करता येऊ लागला. भारतातल्या निर्मात्यांपर्यंत तो त्यानंतर आला. नेहमीच्या व्हिडिओंच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याचे आणि ४५ टक्के कंपनीचे, ही वाटणी पुढे रूढ झाली आणि आजही तीच आहे.

डिसेंबर २०१०मध्ये ‘स्किप’ करता येणाऱ्या जाहिराती आल्या आणि व्ह्यू आणि पैसा यांची फारकत कायमची झाली. त्यांच्या मूळ पद्धतीत पाच सेकंदांनी प्रेक्षकानं जाहिरात पुढे ढकलली तर जाहिरातदाराला काही द्यावं लागत नाही. तीस सेकंद, किंवा जाहिरात छोटी असेल तर पूर्ण, बघितली गेली किंवा तिच्यावर क्लिक झालं तरच पैसे. म्हणजे एकाच व्हिडिओचे दोन व्ह्यूज, एक मोलाचा आणि एक शून्याचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

तरी अंदाज सांगणारे पुढे आलेच. त्यात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं नाव सोशल ब्लेड. २००८मध्ये ते डिग नावाच्या वेगळ्याच संकेतस्थळाची आकडेवारी ठेवायला निघालं होतं. यूट्यूबकडे वळलं २०१०मध्ये. कोणत्याही चॅनेलचं नाव टाका, महिन्याची कमाई समोर. पण ती कमाई निघते कशी? उघड दिसणारे व्ह्यूज घ्यायचे आणि हजाराला २५ सेंट ते ४ डॉलर असा दर लावायचा. लाख व्ह्यूजना त्यातून २५ ते ४०० डॉलर निघतात. डॉलर ८५ रुपये धरला तर २,१२५ ते ३४,००० रुपये. दोन टोकांत सोळा पटींचं अंतर! संकेतस्थळ हे अंतर लपवत नाही, दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापतं. पण आपण वाचताना उजवीकडचा आकडा लक्षात ठेवतो, फार तर दोघांचा मध्य काढतो. मराठी प्रेक्षकांच्या चॅनेलला तो मध्य लावणं म्हणजे अमेरिकेचा भाव सोलापूरच्या मालाला लावणं आहे, हे माझं स्पष्ट मत. लाखाच्या दराच्या बऱ्याच गप्पा अशाच आकड्यांतून निघालेल्या आहेत.

भारतात प्रेक्षकांचा पूर आला तो सप्टेंबर २०१६नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरांत महिन्याला एक जीबी पुरवून वापरत तिथे रोज तेवढा संपू लागला. व्ह्यूज वाढले, जाहिरातदारांचं बजेट मात्र त्या वेगानं वाढलं नाही. म्हणून इथला हजारी दर अमेरिका-युरोपच्या मानानं खूप खालचा राहिला.

२०१७च्या मार्चमध्ये वेगळाच धक्का बसला. दहशतवादी आणि द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसताहेत असं ब्रिटनमधल्या वृत्तांनी उघड केलं आणि त्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या. यूट्यूबनं नियम आवळले. जाहिरातदारांना न रुचणाऱ्या विषयांवर कमी जाहिराती किंवा अजिबात नाहीत, आणि व्हिडिओसमोर पिवळं चिन्ह. याची झळ छोट्या शहरांतल्या बातम्यांच्या चॅनेलांना फार बसते. अपघात, खून, मारामारी यांचे व्हिडिओ सर्वाधिक बघितले जातात आणि नेमक्या त्यांच्यावरच पिवळं चिन्ह येण्याची शक्यता जास्त. बाहेरून मोजणाऱ्याला तिथे लाखो व्ह्यूज दिसतात आणि तो हजारी दर लावून मोकळा होतो.

पार्टनर होऊन पैसे मिळवायला एप्रिल २०१७मध्ये एकूण १०,००० व्ह्यूजची अट आली होती. जानेवारी २०१८मध्ये ती बदलून १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं, अशी झाली. ही अट पूर्ण व्हायच्या आधीच्या व्ह्यूजना काही मिळत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये यूट्यूबनं आपल्या अटी बदलल्या आणि पार्टनर नसलेल्या चॅनेलांवरही जाहिराती दाखवायचा हक्क घेतला. त्या पैशात निर्मात्याचा वाटा नाही. त्यामुळे ‘व्हिडिओच्या आधी जाहिरात येते, म्हणजे पैसे मिळतातच’ हा तर्कही तेव्हापासून टिकत नाही.

निर्मात्याला स्वतःला धड आकडा दिसू लागला तो जुलै २०२०मध्ये, यूट्यूब स्टुडिओ या निर्मात्यांच्या हिशेबाच्या पानावर आरपीएम आल्यावर. सीपीएम म्हणजे जाहिरातदारानं हजार जाहिरातींमागे मोजलेले पैसे, यूट्यूबचा वाटा कापायच्या आधीचे. आरपीएम म्हणजे निर्मात्याच्या पदरात हजार व्ह्यूजमागे पडलेले, पैसे भरून जाहिरातींशिवाय बघणाऱ्या प्रीमियम सदस्यांचा वाटा वगैरे धरून. या दोघांची गल्लत हे चुकलेल्या अंदाजांचं सगळ्यात मोठं कारण आहे. समजा, लाख व्ह्यूज आले आणि सीपीएम १०० रुपये आहे. सरळ गुणाकार केला की १०,००० रुपये. पण जाहिरात लागली समजा ४० हजार व्ह्यूजवर, एकेकच. जाहिरातदारांनी दिले ४,०००. त्यातले ५५ टक्के म्हणजे २,२०० निर्मात्याचे. आरपीएम २२ रुपये. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण दहा हजारांचे बावीसशे होतात ते याच पायऱ्यांनी.

जुलै २०२०मध्येच व्हिडिओच्या मधे लागणाऱ्या जाहिरातींसाठी त्याची किमान लांबी दहा मिनिटांवरून आठवर आली. पाच मिनिटांत संपणारी पाककृती सव्वाआठ मिनिटांची होते त्यामागे हेही कारण आहे.

यानंतर आले शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, आणि त्यांनी लाखाच्या दराचं गणित पुरतं मोडलं. २९ जून २०२०ला भारतानं टिकटॉकवर बंदी घातली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सचा प्रयोग भारतातच सुरू केला. जाहिरातीतला वाटा मात्र मिळू लागला १ फेब्रुवारी २०२३पासून. त्याची रीत वेगळी आहे. शॉर्ट्सच्या मधे दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे महिनाभर एकत्र गोळा होतात, गाण्यांच्या हक्कांचा भाग बाजूला निघतो, उरलेले त्या त्या देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात निर्मात्यांच्या नावे लागतात आणि त्यातले ४५ टक्के त्यांना मिळतात. तुमच्या शॉर्टच्या आगेमागे कोणती जाहिरात लागली याचा तुमच्या पैशाशी थेट संबंध नाही. शॉर्टचे दहा लाख आणि मोठ्या व्हिडिओचे दहा लाख यांची बेरीज करून काढलेला कोणताही अंदाज मी तरी मानत नाही.

सोलापूरला आणखी एक गोष्ट लागू पडते. इथल्या चॅनेलांचा मोठा हंगाम म्हणजे जानेवारी: संक्रांत, सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर भरणारी गड्डा जत्रा, त्यातच हुरड्याचे दिवस. व्ह्यूज उसळतात. पण जाहिरातींचा मोठा खर्च दिवाळीच्या आसपास आणि वर्षअखेरीला होऊन गेलेला असतो आणि जानेवारीत भाव उतरलेले असतात. गड्ड्याच्या व्ह्यूजवरून वर्षाची कमाई काढली की ती हमखास फुगते. त्यात प्रेक्षक कुठला हेही आहेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्यांत, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांत आणि अमेरिकेतल्या सोलापूरकरांत एकच व्हिडिओ बघितला जातो आणि प्रत्येक ठिकाणी बोली वेगळी लागते. अमेरिकेतले व्ह्यूज महाग, पण २०२१पासून त्या भागाच्या कमाईवर अमेरिकी कर कापला जातो. कराचा फॉर्म भरलेल्या भारतीय निर्मात्याला तो १५ टक्के. फॉर्म न भरणाऱ्याच्या साऱ्या जगातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

मोठे आकडे अलीकडे जाहीर होऊ लागलेत. गूगलच्या मूळ कंपनीनं यूट्यूबचं जाहिरात उत्पन्न पहिल्यांदा फेब्रुवारी २०२०मध्ये सांगितलं: २०१९ सालचे सुमारे १५ अब्ज डॉलर. २०२४चे ३६ अब्जांवर गेले. मे २०२५मध्ये मुंबईतल्या वेव्ज या माध्यम-मनोरंजन परिषदेत यूट्यूबच्या प्रमुखांनी सांगितलं, की तीन वर्षांत भारतातल्या निर्माते, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१,००० कोटींहून अधिक रुपये दिले. या रकमेत मोठ्या माध्यम कंपन्याही आल्या. तिला चॅनेलांच्या संख्येनं भागून सरासरी काढण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या अंदाजात कधीच न येणारी कमाईही आहे. चाटी गल्लीतलं साडीचं दुकान किंवा नवी पेठेतलं हॉटेल निर्मात्याला थेट पैसे देऊन व्हिडिओ करून घेतं. जून २०२१पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार असा व्हिडिओ जाहिरात म्हणून दाखवावा लागतो. हा व्यवहार यूट्यूबच्या हिशेबात येत नाही. कित्येकदा छोट्या चॅनेलचा खरा आधार हाच असतो.

म्हणून कर्ज देणाऱ्यानं, सोयरीक बघणाऱ्यानं किंवा नोकरी सोडायच्या विचारात असलेल्यानं व्ह्यूज बाजूला ठेवून बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघावं. यूट्यूबचे पैसे अ‍ॅडसेन्समार्फत येतात, ते महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात, आणि शंभर डॉलर जमल्याशिवाय निघतच नाहीत. छोट्या चॅनेलला तीन-चार महिन्यांतून एकदा पैसे येतात, ते याच कारणानं. मोबाइलवर दाखवला जाणारा एका जमेचा स्क्रीनशॉट एका महिन्याचा आहे की चार महिन्यांचा, हे त्या स्टेटमेंटवरच कळतं.