नदीकाठच्या रस्त्याचा पुनर्विकास (बेळगाव सीमाभाग)

गावाच्या नदीला लागून असलेला जुना रस्ता रुंद करणे, काठाला भिंत घालणे, पदपथ, दिवे, बाकडी बसवणे, या कामांना मिळून नदीकाठ रस्त्याचा पुनर्विकास म्हणतात. अहमदाबादचा साबरमती काठ हे त्याचे देशातले सर्वांत परिचित उदाहरण.

बेळगाव शहराच्या मध्यातून मोठी नदी जात नाही. मार्कंडेय उत्तरेला कंग्राळीच्या शिवारातून वाहते. शहराच्या वाट्याला बळ्ळारी नाला आला आहे. त्यामुळे सीमाभागातले खरे नदीकाठ तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत सापडतात : खानापूरला मलप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, गोकाकला घटप्रभा.

हे काठ राबते आहेत. सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर धुणी आपटली जातात, दुपारी म्हशी पाण्यात बसतात, गणपती इथेच बोळवतात आणि रक्षाविसर्जनालाही माणसे इथेच येतात. आराखड्यात सरळ भिंत आणि लोखंडी कठडा आला की या साऱ्यांची वाट एकदम बंद होते. रस्ता देखणा होतो, नदी मात्र वरून बघायची वस्तू होते. हे नुकसान किरकोळ नाही. धुण्याचे दगड, जनावरांचा उतार आणि विसर्जनाच्या पायऱ्या आराखड्यात आधी आखाव्यात, बाकडी नंतर.

दुसरा प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभेचे पाणी गोकाकच्या वस्तीत शिरले. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुराने निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. काठ आत सरकवून भिंत बांधली की पात्र अरुंद होते आणि तेवढेच पाणी अधिक उंचीने वाहते. शिवाय गावातले पावसाचे पाणी भिंतीमागे तुंबते. गटाराच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप लागते. तिच्यात प्लास्टिक अडकून ती अर्धवट उघडी राहिली, की नदीचेच पाणी गटारातून उलटे गल्लीत येते. वाहत्या पुराखाली पेव्हर ब्लॉकच्या तळची वाळू धुपते आणि पाणी ओसरल्यावर रस्ता खचतो. रुंद पायऱ्यांचा दगडी घाट पुराखाली जाऊनही टिकतो, गाळ काढला की पुन्हा वापरात येतो. म्हणून गाळ काढण्याचा वार्षिक खर्च आणि झडपांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी कामाच्या निविदेतच नोंदवून ठेवावी लागते.