स्टोमाधारकांची निगा (पुणे)

आतड्याचा किंवा लघवीचा मार्ग शस्त्रक्रियेने पोटावरील छिद्रातून (स्टोमा) बाहेर वळवल्यावर रुग्णाला लागणारी देखभाल, शिक्षण आणि सोबत. मोठ्या आतड्याची कोलोस्टॉमी, लहान आतड्याची इलिओस्टॉमी आणि लघवीची युरोस्टॉमी हे मुख्य प्रकार. गुदाशयाचा कर्करोग, आतडे फाटणे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व व्रण) ही नेहमीची कारणे. काही स्टोमा तात्पुरते असतात.

निगा ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून पोटावर जागेची खूण करतात. परकराची किंवा लेंग्याची नाडी कुठे बांधली जाते, मांडी घालून बसल्यावर वळी कुठे पडते, हे तेव्हा पाहायचे असते. तातडीच्या शस्त्रक्रियेत हे बऱ्याचदा राहून जाते. मग मल किंवा लघवी गोळा करणारी पिशवी पोटाला चिकटवायची चकती वळीत येते आणि गळती काही केल्या थांबत नाही. पुढचा निम्मा त्रास या एका खुणेवर ठरतो, असे म्हणायला हरकत नाही.

निरोगी स्टोमा लालसर व ओलसर असतो. त्याला स्पर्शाने दुखत नाही, पुसताना किंचित रक्त येते. तो काळपट पडला तर लगेच डॉक्टरांकडे जावे. सूज उतरायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून तोवर दर वेळी माप घेऊन चकतीचे भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटर मोठे कापतात. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी. त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल किंवा क्रीम लावल्यास चकती चिकटत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा घामाने ती लवकर सुटते. जादा पिशव्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत.

आहार हा घराघरांत वादाचा विषय. कोलोस्टॉमीवाल्याला हळूहळू नेहमीची भाजी-भाकरी चालते. इलिओस्टॉमीत मात्र पाणी व मीठ सतत वाहून जाते, त्यामुळे नुसते पाणी पुरत नाही. ओआरएस, मीठ घातलेले ताक, पेज लागते. मक्याचे कणीस, ओले खोबरे, शेंगदाणे नीट न चावल्यास अडकू शकतात. सिंहगडावर भाजलेले कणीस समोर आले तरी बेताने.

या कामाला स्वतंत्र शाखेचे रूप अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे आले. शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना रुग्णांना शिकवण्यासाठी नेमले. त्या स्वतः इलिओस्टॉमीधारक होत्या. आपल्याकडे मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था याच वाटेने चालते. पुण्यात ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांत आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात आणि घरी परततात ते पिशवीसह. तिथून पुढे गावच्या औषध दुकानात पिशवी मिळेल का, हा प्रश्न उरतो. तो सोडवून, म्हणजे मापाची पिशवी कुठून मागवायची हे लिहून देऊन आणि घरच्या एकाच्या हातून ती दोनदा बदलून घेऊनच सुटी द्यावी. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्टोमाचा स्वतंत्र उल्लेख नाही.