दुधाचे दात आणि रात्रीची बाटली : पार्श्वभूमी

लहान मुलांचे दात का किडतात, याची गोष्ट जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या मानवशास्त्रज्ञांनी या मुलांचे दात अभ्यासले. दुधाच्या सुळ्यांवर काही ठिकाणी एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, नीट बनलेलंच नव्हतं. सुळ्याचा हा भाग जन्माच्या आसपास आणि पुढच्या काही महिन्यांत घडतो, म्हणजे आईच्या आणि बाळाच्या पोषणाची नोंद तिथे राहते. असं कच्चं एनॅमल पुढे लवकर किडतं. दात दिसायच्या आधीच किडीची निम्मी गोष्ट ठरलेली असते, ती अशी.

उरलेल्या निम्म्या गोष्टीचा छडा लागायला वेळ लागला. दातात खरोखर किडा असतो असं जगभर मानलं जाई. आपल्याकडे तो बाहेर काढायला रिंगणीच्या बियांची धुरी देत. फ्रान्सचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८मध्ये हा किडा नाकारला. १८९०मध्ये विलोबी मिलर या दंतवैद्याने मांडलं की तोंडातले जंतू साखर-पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४मध्ये क्लार्कने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा केला.

पण घरात उपयोगी पडेल असं उत्तर १९४० आणि १९५०च्या दशकांत आलं. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातावरच्या जंतूंच्या थराचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली उतरतो आणि सावरायला अर्धा ते एक तास लागतो, हे स्टीफन या संशोधकाने मोजून दाखवलं. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या खायला घालून केलेल्या प्रयोगातून (आज तो कोणी करू देणार नाही) कळलं की साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचं.

रात्रीची बाटली घातक ठरते ती इथेच. १९६२मध्ये एलियास फास या दंतवैद्याने बाटलीच्या दुधाचा दातांच्या किडीशी संबंध मांडला. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दूध वरच्या पुढच्या चार दातांभोवती साचतं. खालचे दात जिभेआड वाचतात. म्हणून वरचा ओठ उचलून पाहावं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तीच सुरुवात, आणि या टप्प्यावर नुकसान अजून भरून येतं. तपकिरी खड्डा पडला की मग ते भरून येत नाही.

दुधात साखर, चोखणीला मध, गुटीत मध, चहात बुडवलेलं बिस्किट या सगळ्याचा हिशेब एकच. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध तसाही द्यायचा नाही.) भारतात १९९२च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, पण ती स्तनपान वाचवायला, दातांचा विचार त्यात नव्हता. वर्षानंतर बाटली सोडवताना दूध रोज थोडं पातळ करत आठ-दहा दिवसांत नुसत्या पाण्यावर यावं. अचानक काढून घेतली तर दोन रात्री रडारड होते आणि तिसऱ्या रात्री आजी बाटली परत देते.

कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचं प्रकरण वेगळं. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सने १९४५मध्ये ते नळाच्या पाण्यात घातलं. भारतात कुठेच घालत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडे तर भूजलात ते इतकं जास्त की दातांवर डाग पडतात. पुण्याच्या नळाला येतं ते खडकवासला-पानशेतचं, पावसाने भरणाऱ्या धरणांचं पाणी, आणि अशा पाण्यात फ्लोराइड कमीच असतं. म्हणून इथे भार पेस्टवर पडतो. बोअरवेलचं पाणी पिणाऱ्या सोसायट्यांनी मात्र ते आधी तपासून घ्यावं.

पहिला दात दिसला की १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेली) पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर वाटाण्याएवढी. 'फ्लोराइड नसलेली, गिळली तरी चालेल' अशी लहान मुलांची पेस्ट सुरक्षित वाटते, पण कीड रोखणारा भागच तिच्यात नसतो. दाण्याएवढी पेस्ट गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅमच फ्लोराइड जातं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा, रात्रीचा तर नक्कीच, आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावू नये. थुंकलं तरी पुरे.