स्वयंसेवी रुग्णवाहिका पथक (अमेरिका)

गावातल्याच रहिवाशांनी पगार न घेता, नोकरी-धंदा सांभाळून चालवलेली तातडीची रुग्णवाहिका सेवा. अमेरिकेतील लहान गावांत आणि उपनगरांत ही पद्धत जवळजवळ शंभर वर्षे टिकून आहे. अशा गावात ९११ या तातडीच्या क्रमांकावर फोन केल्यावर दारात येणाऱ्या गाडीतून उतरणारा माणूस एरवी शाळेत गणित शिकवत असतो, नळजोडणीची कामे करत असतो किंवा बँकेतून निवृत्त झालेला असतो.

या चळवळीचा आरंभ सहसा व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक या रेल्वेच्या शहरात मानतात. ज्युलियन स्टॅन्ली वाइज याने १९०९ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, रोनोक नदीत होडी उलटून दोघांना बुडताना पाहिले. पुढे रेल्वेत नोकरीला लागल्यावर त्याने १९२८ मध्ये काही सहकाऱ्यांना जमवून जीवरक्षक पथक उभे केले. न्यू जर्सीतील बेलमार हे समुद्रकाठचे गावही पहिलेपणाचा मान सांगते. दोन्ही पथके साधारण एकाच सुमाराची असल्याने हा वाद मिटण्यासारखा नाही, आणि दोन्ही गावांना तो मिटावा असे वाटतही नसावे.

त्या काळी, आणि नंतरही कित्येक वर्षे, आजारी माणसाला रुग्णालयात पोचवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे होते. आडवा माणूस मावेल इतकी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९६६ च्या अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा १२,००० व्यावसायिकांच्या हाती होती. रस्ते-अपघातांतील मृत्यूंवरच्या या अहवालाने खळबळ उडाली. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा कायदा झाला, १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल येथून ९११ चा पहिला फोन लागला आणि १९७० च्या दशकात ‘ईएमटी’ या प्राथमिक दर्जाच्या तातडीच्या सेवकासाठी देशभर एकसारखा अभ्यासक्रम आला. तो ८१ तासांचा होता. आज त्याला साधारण १५० ते १९० तास लागतात, शिवाय परीक्षा, रुग्णालयातला सराव आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण. हौशी माणसाला संध्याकाळचे वर्ग करून हे झेपते, पण जेमतेम. पॅरामेडिकचे, म्हणजे ईएमटीच्या वरच्या दर्जाच्या सेवकाचे, शिक्षण हजार तासांच्या पुढे जाते, त्यामुळे स्वयंसेवकांत पॅरामेडिक कमीच. न्यू जर्सीत तर ही विभागणी व्यवस्थेतच आहे: गावाचे पथक प्राथमिक उपचार आणि वाहतूक पाहते, तर शिरेतून औषध देणारे पॅरामेडिक रुग्णालयाकडून वेगळ्या गाडीने येतात.

पाळीची सुरुवात तपासणीने होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राची बॅटरी, घशातला स्राव ओढून काढणारे शोषणयंत्र, रक्तस्राव रोखायचा पट्टा, श्वास देण्याची पिशवी आणि तिचे लहान-मोठे मुखवटे, साखर एकदम उतरलेल्यासाठी ग्लुकोजची जेल, अफूजन्य औषधांच्या अतिसेवनावर नाकात मारायचा नॅलोक्सोन फवारा. यादी हातात धरून एकेक वस्तू पाहायची आणि खाली सही करायची. मग वाट पाहणे. काही पथकांत पाळीवाले केंद्रातच झोपतात, काहींत पेजर उशाशी ठेवून घरी. पेजर वाजल्यावर मिळणारी माहिती बहुधा तुटक असते: वय, पत्ता, ‘श्वास घ्यायला त्रास’. नवशिक्याच्या डोळ्यांसमोर अपघात आणि बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर द्यायचे दाब असतात. प्रत्यक्षात बरेच फोन न्हाणीघरात पडलेल्या आजीबाईंचे असतात, किंवा खुर्चीतून खाली घसरलेल्या आणि एकट्या बायकोला उचलता न येणाऱ्या आजोबांचे. अशा वेळी लागणारे कौशल्य म्हणजे अरुंद जिन्यावरून चाकांच्या खुर्चीत बसवलेला माणूस पाठ न दुखवून घेता खाली आणणे. ते शिकायला जिनाच लागतो.

हृदय बंद पडलेल्याच्या बाबतीत मात्र गावातलेच पथक असण्याचा अर्थ कळतो. मेंदूला चार ते सहा मिनिटे रक्त मिळाले नाही तर इजा सुरू होते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, हे काम दोन गल्ल्या पलीकडून आलेला शेजारी वेळेत सुरू करू शकतो. त्यासाठी न्यू यॉर्क राज्यात रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकाला स्वतःच्या गाडीवर हिरवा दिवा लावता येतो, न्यू जर्सीत निळा. लोकांनी वाट द्यावी एवढीच त्यामागची विनंती. वाहतुकीचे नियम मोडायची मुभा त्याने मिळत नाही.

शेजारीच येतो, यात अडचणही आहे. कुणाच्या घरात रात्री काय झाले हे त्याला कळते आणि दुसऱ्या दिवशी ती व्यक्ती वाण्याच्या दुकानात भेटते. रुग्णाच्या माहितीची गुप्तता कायद्याने बांधलेली आहे. छोट्या गावात खरी परीक्षा चहाच्या टेबलावर होते.

पूर्वी बहुतेक पथके बिल लावत नसत. गावकऱ्यांच्या वार्षिक देणग्या, सकाळच्या पॅनकेकच्या पंगती आणि नगरपालिकेचे थोडे साहाय्य यांवर भागे. आता अनेक पथके रुग्णाच्या विमा कंपनीकडे बिल पाठवतात, सदस्य मात्र बिनपगारीच राहतात. ‘मग देणगी कशाला?’ हा गावाचा प्रश्न तेव्हापासूनचा. त्यातच मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना मुख्यतः वाहतुकीचे पैसे देते. जागेवर उपचार करून रुग्णाला घरीच ठेवले तर पथकाच्या पदरी सहसा काही पडत नाही. पोलीस आणि अग्निशमन दलाप्रमाणे ही सेवा अत्यावश्यक असल्याचे अनेक राज्यांच्या कायद्यात म्हटलेलेही नाही.

तरी पैशापेक्षा मोठी टंचाई दुपारच्या माणसांची आहे. पूर्वी गावातल्याच कारखान्यातून वा दुकानातून मालक माणसाला सोडत असे. आता कामे तास-दीड तासाच्या अंतरावर गेली आणि नवरा-बायको दोघेही बाहेर. मंगळवारी सकाळी अकरा वाजता पेजर वाजला तर उठणार कोण? म्हणून दिवसा पगारी ईएमटी आणि रात्री-रविवारी स्वयंसेवक अशी जोडणी सर्रास झाली आहे. काही पथके बंद पडून त्यांचा भाग शेजारच्या पथकाकडे गेला. तिथे गाडी पोचते, उशिरा.

मध्य न्यू जर्सीत, एडिसन-प्लेन्सबरोच्या पट्ट्यात, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तिथल्या पथकांना सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा हातभार लागतो. कॉलेजच्या अर्जावर चांगले दिसते हे आकर्षण नाकारण्यात अर्थ नाही. पण शनिवारी रात्री दोन वाजता ओकारी पुसणाऱ्या मुलाचा हेतू तपासत बसण्याचे कारणही नाही.

महाराष्ट्रात चित्र जवळपास उलटे आहे. गणेश मंडळे, ट्रस्ट आणि देणगीदार गाडी हौसेने देतात, तिच्यावर नावही झळकते. चालक पगारी असतो आणि मागे रुग्णाजवळ बसतात ते बहुधा नातेवाईक. प्रशिक्षित मनुष्यबळाची बाजू सरकारी १०८ सेवेने उचलली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि गाडीवर डॉक्टर ठेवण्याची योजना होती. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्याची वाटणारी भीती कमी करणारे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) मिळाले आहे.