हालवोर्सन, आस्ब्यॉर्न

हालवोर्सन, आस्ब्यॉर्न ऊर्फ ‘अस्सी’ : (३ डिसेंबर १८९८ – १६ जानेवारी १९५५). नॉर्वेचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, प्रशिक्षक आणि नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाचा सरचिटणीस. जन्म आणि मृत्यू दोन्ही नॉर्वेतच; पण खेळाडू म्हणून त्याची उमेदीची वर्षे जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात गेली. त्याच जर्मनीने पुढे त्याला छळछावणीत डांबले. देशासाठी १९ सामने आणि गोल एकही नाही, एवढ्या आकड्यांवरून त्याच्या थोरवीचा अंदाज येत नाही.

त्याचे गाव सार्प्सबोर्ग. ग्लोमा नदीवरच्या धबधब्याशेजारी वसलेले, लाकडाचा लगदा आणि कागद यांच्या गिरण्यांवर जगणारे हे कामगारांचे शहर नॉर्वेच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. देशातील सुरुवातीचा फुटबॉल राजधानीइतकाच या भागात रुजला. सार्प्सबोर्ग संघाने १९१७ मध्ये ब्रान संघाचा ४–१ असा पराभव करून नॉर्वेचा चषक जिंकला, तेव्हा हालवोर्सन १८ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो राष्ट्रीय संघात आला. १९०८ साली पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात स्वीडनकडून ११–३ अशी धूळ चाखलेल्या नॉर्वेला पहिला विजय मिळण्यासाठी १९१८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी नॉर्वेने डेन्मार्कला ३–१ असे हरवले. हालवोर्सनची पिढी ही हरण्याची सवय मोडणारी पिढी होती.

तिची खरी कसोटी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये लागली. १९०८ आणि १९१२ अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या ग्रेट ब्रिटनला नॉर्वेने ३–१ असे बाद केले. इंग्रजांचा हा संघ हौशी खेळाडूंचा होता हे खरे, पण स्पर्धेतील सर्वांत धक्कादायक निकालांत याची गणना करावी लागते. पुढच्या फेरीत चेकोस्लोव्हाकियाने नॉर्वेला ४–० असे गारद केले.

जहाज-दलालीच्या धंद्यात शिकायला म्हणून हालवोर्सन १९२० च्या दशकाच्या आरंभी हाम्बुर्गला गेला आणि हाम्बुर्गर एसफाउ या संघात दाखल झाला. जर्मन फुटबॉल त्या काळी कागदोपत्री हौशी होता. खेळाडू दिवसा नोकरी-धंदा करी आणि रविवारी मैदानात उतरे. हालवोर्सनची जागा सेंटर-हाफची, म्हणजे मधल्या फळीच्या मध्यभागाची. दोन बचावपटू, तीन हाफ आणि पाच आघाडीवीर अशा तत्कालीन रचनेत सेंटर-हाफ हा संघाचा कणा असे. प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर-फॉरवर्डला रोखायचे, चेंडू हिसकावून घ्यायचा आणि डावी-उजवी बाजू पाहून तो पुढे धाडायचा, ही सारी कामे त्याच्याकडे असत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला आणि इंग्लंडमध्ये सेंटर-हाफला मागे ओढून निव्वळ बचावपटू केले गेले, तरी मध्य युरोपात चढाई उभारणारा सेंटर-हाफ आणखी काही वर्षे टिकून राहिला. हालवोर्सन या जुन्या घडणीचा खेळाडू होता. त्याच्यापुढे सेंटर-फॉरवर्ड म्हणून खेळे तो ऑट्टो हार्डर, ‘टुल’ या नावाने जर्मनीभर गाजलेला. हालवोर्सनने चेंडू पुरवायचा आणि हार्डरने तो जाळ्यात मारायचा, या जोडीवर हाम्बुर्गचा संघ उभा होता.

१९२२ च्या जर्मन विजेतेपदाचा अंतिम सामना तर दंतकथा होऊन बसला आहे. बर्लिनमध्ये हाम्बुर्ग आणि न्यूर्नबर्ग २–२ अशा बरोबरीत अडकले. गोल होईपर्यंत खेळत राहायचे असे ठरले होते. अंधार पडल्यामुळे पंचांनी खेळ थांबवला तेव्हा १८९ मिनिटे झाली होती. लाइपत्सिगमधील फेरसामना १–१ असा रेंगाळला. जखमी झालेले आणि बाहेर काढलेले खेळाडू वजा जाता न्यूर्नबर्गकडे सातच जण उरले, म्हणून तोही थांबवावा लागला. जर्मन फुटबॉल महासंघाने विजेतेपद हाम्बुर्गला दिले, पण हाम्बुर्गने ते स्वीकारले नाही. हालवोर्सन या दोन्ही सामन्यांत खेळला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या उनिओन ओबरश्योनेवाइडे संघाला ३–० असे नमवून हाम्बुर्गने पहिले निर्विवाद विजेतेपद मिळवले. १९२८ मध्ये उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकवर ८–२ आणि अंतिम सामन्यात हेर्था बर्लिनवर ५–२ असे विजय मिळवून दुसरे. राष्ट्रीय संघातील त्याची कारकीर्द मात्र १९२३ मध्येच संपली होती.

नाझी सत्तेवर आले त्या १९३३ सालानंतर तो जर्मनीत राहिला नाही. मायदेशी परतल्यावर महासंघाचा कारभार आणि राष्ट्रीय संघाची तयारी ही दोन्ही कामे त्याच्याकडे आली. संघ निवडण्याचा अधिकार निवड समितीकडे असे, पण त्या संघाला शिस्त आणि डावपेच दिले ते हालवोर्सनने. जर्मन फुटबॉल त्याने दहा-बारा वर्षे आतून पाहिला होता.

७ ऑगस्ट १९३६ रोजी, बर्लिन ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत, हा अनुभव कामी आला. पोस्टस्टाडिओनवर यजमान जर्मनी आणि नॉर्वे समोरासमोर होते, आणि हिटलर स्वतः गोबेल्स, गोरिंग यांच्यासह सामना पाहायला आला होता. जर्मनीने आधीच्या फेरीत लक्झेंबर्गवर नऊ गोल चढवले होते. विजय गृहीत धरून काही नेहमीच्या खेळाडूंना विश्रांतीही दिली होती. सातव्या मिनिटाला माग्नार इसाक्सनने गोल केला. मग तासाहून अधिक काळ जर्मन चढाया नॉर्वेच्या बचावावर आदळत राहिल्या. ८३ व्या मिनिटाला इसाक्सननेच दुसरा गोल केला आणि जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. जर्मन प्रशिक्षक ऑट्टो नेर्त्स याचे पद या पराभवाने डळमळले. त्याची जागा पुढे झेप हेर्बेर्गरने घेतली.

उपांत्य सामन्यात इटलीने जादा वेळेत २–१ अशी बाजी मारली. तिसऱ्या क्रमांकासाठी नॉर्वेने पोलंडला ३–२ असे हरवले, तिन्ही गोल आर्ने ब्रुस्ताचे. ‘कांस्य संघ’ म्हणून नॉर्वेत आजही ओळखला जातो तो हाच संघ. १९३८ च्या विश्वचषकात मार्सेयच्या मैदानावर याच संघाने इटलीला पुन्हा जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि पुन्हा १–२ असा हरला. इटली पुढे जगज्जेता झाला.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. त्याच वर्षी क्रीडा संघटना नाझी नियंत्रणाखाली आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांनी अधिकृत स्पर्धांवर बहिष्कार टाकला. हा ‘क्रीडा संप’ युद्ध संपेपर्यंत चालला. नाझींनी भरवलेले सामने ओस मैदानांवर होत आणि लोक चोरून, आडबाजूला खेळत. हालवोर्सन या प्रतिकाराच्या प्रमुखांपैकी एक होता. बंदी घातलेली वृत्तपत्रे पसरवण्याच्या कामातही तो होता. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याला अटक झाली. ऑस्लोजवळच्या ग्रिनी छावणीतून १९४३ मध्ये त्याला फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील नाट्सवाइलर छळछावणीत पाठवले. तिथे त्याची गणना, घरच्यांना ज्यांचा ठावठिकाणाही कळू द्यायचा नाही अशा कैद्यांत झाली. नेकारेल्स आणि फाइहिंगेन या उपछावण्यांतून, आजारांनी पोखरलेल्या अवस्थेत, तो अखेर नॉयनगामेला पोहोचला. ही छावणी हाम्बुर्गच्या वेशीवर होती. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले, त्याच शहराच्या.

ऑट्टो हार्डर या काळात एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात होता. त्याने नॉयनगामेत पहारेकरी म्हणून काम केले आणि १९४४ च्या अखेरीस हानोफरजवळच्या आलेम उपछावणीचा तो प्रमुख झाला. ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४७ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. १९५१ मध्येच तो सुटला. एकाच संघात, एकमेकांच्या भरवशावर खेळलेल्या दोघांच्या वाटा इतक्या टोकाच्या फुटाव्यात, याला फुटबॉलच्या इतिहासात तोड नाही.

वसंत १९४५ मध्ये स्वीडिश रेडक्रॉसच्या ‘पांढऱ्या बसगाड्यां’नी स्कँडिनेव्हियन कैद्यांना छावण्यांतून बाहेर काढले. त्यांत हालवोर्सनही होता. खंगलेल्या शरीराने तो घरी आला आणि त्याच वर्षी सरचिटणीसपदाच्या कामाला लागला. नॉर्वेच्या फुटबॉलचा गाभा तोवर बाद फेरीचा चषक हाच होता. वर्षभर चालणाऱ्या नियमित साखळीची घडी बसवणे हे त्याचे उरलेले मोठे काम. १९४८ मध्ये १६ संघांची, दोन गटांची मुख्य साखळी सुरू झाली. पहिले विजेतेपद त्याच्या गावाच्या शेजारच्या फ्रेडरिकस्टाड संघाने पटकावले.

१६ जानेवारी १९५५ रोजी उत्तर नॉर्वेतील नार्विक येथे वयाच्या ५६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या वेळी उत्तरेकडील संघांना राष्ट्रीय चषकात प्रवेशच नव्हता. तो १९६३ मध्ये मिळाला.